एक गुंठा नियमित झाला, पण घर कुठे बांधायचं? अमळनेरातला प्लॉट, रो-हाऊस, फ्लॅट आणि गावठाणातलं घर यांचा हिशेब

अमळनेर : कापसाचे पैसे हातात आले की आपल्या तालुक्यात दोन चौकश्या सुरू होतात, एक सोयरिकीची आणि दुसरी जागेची. सध्या जागेच्या चौकशीला जास्त जोर आहे आणि त्याला कारण आहे तुकडेबंदी. ९ जुलै २०२५ ला महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांना मोकळीक देण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेशही निघाला. तेव्हापासून "एक गुंठा घ्या, आता सगळं कायदेशीर आहे" हे वाक्य चहाच्या टपरीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे ऐकू येतं.

मारवड असो, मांडळ असो की पातोंडा, घरात चर्चा एकच, "घर कोठे लेवानं?" गावातलं जुनं धाबं पाडून तिथेच बांधायचं, अमळनेरात प्लॉट घेऊन ठेवायचा, तयार रो-हाऊस बघायचं, की पोरगं पुण्याला किंवा सुरतला कामाला आहे म्हणून तिकडेच फ्लॅट बुक करायचा? बहुतेक जण हे भावावरून ठरवतात. स्वस्त मिळतं ते घ्यायचं. आपल्याकडे अडचण अशी, की जे सगळ्यात स्वस्त मिळतं त्याचाच कागद सगळ्यात कच्चा असतो. म्हणून आधी कागद बघा, मग पाणी आणि रस्ता, आणि घर कसलं हवं ते शेवटी ठरवा.

अध्यादेशाने काय दिलं, काय नाही

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यात औतही फिरणार नाही, हा त्याचा हेतू. पण गावं आणि शहरं वाढली, लोकांनी शेतातच गुंठा-दोन गुंठे घेऊन घरं बांधली, आणि ती खरेदी सातबाऱ्यावर चढेना. २०१७ मध्ये सरकारने मार्ग काढला, बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरा आणि तुकडा नियमित करून घ्या. एवढे पैसे भरायला कोणी पुढे येईना, म्हणून पुढे तो दर ५ टक्क्यांवर आणला. आता तेही माफ केलंय. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार अधिमूल्य न घेता नियमित होतील, असं हा अध्यादेश सांगतो.

यातली दुसरी तारीख पुन्हा वाचा. १५ ऑक्टोबर २०२४. त्यानंतर पाडलेल्या तुकड्याला ही माफी नाही. म्हणजे आज कोणी नवीन गुंठे पाडून "अध्यादेशात बसतं" असं सांगत असेल, तर तो जुन्या खरेदीदारांना मिळालेली सवलत नव्या गिऱ्हाइकाला विकतोय. नवीन तुकड्याला मंजूर ले-आउट लागतोच.

ही सवलत सगळ्या जमिनींनाही नाही. मुख्यतः नगरपालिका-महापालिकांच्या हद्दी आणि विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत रहिवासी, व्यापारी असा बिगरशेती वापर दाखवलेल्या जमिनी यांच्यासाठी ती आहे. गावाबाहेर दोन किलोमीटरवरच्या, आराखड्यात शेतीच दाखवलेल्या शिवारातल्या तुकड्याचा तिच्याशी संबंध नाही. तिथे ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेतलं प्रमाणभूत क्षेत्र लागू होतं, जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे. त्यापेक्षा कमी शेत विकायचं तर मार्च २०२४ च्या नियमांनी ठराविक कारणं दिली आहेत. विहिरीसाठी ५ गुंठ्यांपर्यंत, शेतरस्त्यासाठी, आणि सरकारी घरकुलाच्या लाभार्थ्याला १,००० चौरस फुटांपर्यंत. त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. "पुढे-मागे होईल" या भरवशावर इथे पैसे अडकवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तुकडा नियमित झाला म्हणजे ले-आउट मंजूर झाला असं होत नाही. मंजूर ले-आउटमध्ये रस्त्याची रुंदी ठरलेली असते, खुली जागा सोडलेली असते, पाणी कुठून निघेल ते नकाशावर असतं. नियमित झालेल्या एकट्या गुंठ्याला यातलं काहीच आपोआप मिळत नाही. तुमचं नाव सातबाऱ्यावर येईल, पण तुमच्या दारात बैलगाडी येईल की नाही ते शेजारच्याच्या मर्जीवर राहील.

प्लॉट : सगळ्यांचा लाडका

आपल्याकडे प्लॉट घेणं ही एक प्रकारची बँक आहे. दोन एकरातलं अर्ध विकून किंवा फंडाचे पैसे आले की प्लॉट घ्यायचा आणि "पडू दे" म्हणायचं. जमीन कोणी उचलून नेत नाही, हे बरोबर. पण मोकळ्या प्लॉटवर अतिक्रमण होतं, बाभळी वाढतात, शेजारी दोन फूट आत येतो, आणि दहा वर्षांनी मोजणी आणायची वेळ येते.

मापातच पहिली गफलत होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र आरमध्ये असतं आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. फरक थोडा आहे, ठीक. मोठी गफलत पुढची. विकणारा गुंठा सांगतो तो रस्ता धरून की रस्ता सोडून? रस्ता धरून असेल तर हातात ८००-८५० फूटच पडू शकतात. सौदा चौरस फुटात करा आणि नकाशावरचं माप खरेदीखतात लिहून घ्या.

मग सातबारा. त्यावर प्लॉट नंबर वेगळा आहे का? की एकाच गटावर दहा-पंधरा नावं सामाईक आहेत? सामाईक सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा असतो, पण तो नेमका कोणत्या कोपऱ्यात ते कागद सांगत नाही. एकाने कर्ज थकवलं, एकाच्या वारसांत वाद झाला, की सगळ्यांचंच अडकतं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी, कुलमुखत्यारपत्र, सौदा पावती हे कागद मालकी देत नाहीत. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०११ मध्येच हे स्पष्ट केलंय, मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. तरी नोटरीवर प्लॉट घेणारे अजून भेटतात, कारण नोंदणीचा खर्च वाचतो. वाचलेला तो खर्च पुढे वकिलाकडे जातो.

एनए आहे म्हटलं तरी आदेशाची प्रत मागा आणि ले-आउट तात्पुरता मंजूर आहे की अंतिम, ते विचारा. तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकून मोकळं होणं आणि रस्ते-गटारी न करणं हा जुना धंदा आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची नोंदणी लागते. १ मे २०१७ पासून हा नियम आहे आणि तो फक्त पुण्या-मुंबईच्या टॉवरला नाही, अमळनेरच्या प्लॉटिंगलाही आहे. नोंदणी क्रमांक दिला नाही तर बयाणा देऊ नका. दिला, तर महारेराच्या साइटवर मोबाईलवरच बघता येतो.

नगरपालिका हद्दीत असेल तर झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. जागेवर बगिचा, शाळा किंवा रस्त्याचं आरक्षण असेल तर ते तिथे दिसतं. बोरी नदीच्या किंवा नाल्याच्या जवळ असेल तर पूररेषा विचारा. बोरी वर्षातले कितीतरी महिने कोरडी दिसते, म्हणून काठची जागा स्वस्तात घेणाऱ्याला पुराची आठवण राहत नाही.

एक गोष्ट प्लॉटवाले सांगत नाहीत. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. ती तयार घराला, फ्लॅटला, रो-हाऊसला मिळते. मोकळ्या प्लॉटला नाही.

रो-हाऊस आणि फ्लॅट

पोरांच्या शाळेसाठी अमळनेरात यायचं असेल आणि वर्षभर बांधकामाच्या मागे फिरायला वेळ नसेल, तर रो-हाऊस खेड्यातल्या माणसाला सगळ्यात जवळचं वाटतं. खाली जमीन आपली, वर गच्ची आपली, पापड-कुरडया वाळवायला जागा, दारात मोटरसायकल. बघायचं एवढंच, की प्रत्येक घराच्या जमिनीचा उतारा वेगळा झालाय का. मध्ये सामाईक भिंत असते, म्हणून पुढे वरचा मजला चढवायचा तर शेजाऱ्याशी आजच बोलून घ्या. मधल्या घराच्या दोन भिंतींना ऊन लागत नाही ही चांगली बाजू. पण मागे-पुढे खिडक्या समोरासमोर नसतील तर तेच घर मे महिन्यात भट्टी होतं.

फ्लॅटबद्दल तालुक्याच्या गावात एक वेगळाच मुद्दा आहे. महारेराची नोंदणी ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा ८ पर्यंत फ्लॅट असलेल्या इमारतीला सक्तीची नाही. अमळनेर, पारोळा, चोपडा अशा गावांत बऱ्याच इमारती याच मापाच्या असतात. खाली दुकानं, वर सहा-आठ फ्लॅट. म्हणजे रेराचं संरक्षण जिथे सगळ्यात जास्त हवं, तिथेच ते पोचत नाही. अशा ठिकाणी नगरपालिकेचा भोगवटा दाखला हाच मोठा आधार. तो नसेल तर इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली की नाही, कोणी सांगू शकत नाही. बिल्डर म्हणेल "येतोय". आल्यावरच उरलेले पैसे द्या.

बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरावर १ टक्का आणि बाकीच्यावर ५ टक्के. महानगरांबाहेर परवडणारं म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचं घर. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. कोणी तयार घरावर जीएसटी मागत असेल तर दाखल्याची तारीख विचारा.

लिफ्ट, मोटर, जिन्यातला दिवा यांचा महिन्याचा खर्च कोण करणार, हेही विचारायचं. छोट्या इमारतीत सोसायटीच होत नाही, आणि मोटर जळाली की आठ घरांची पंचायत बसते.

पुण्याच्या किंवा सुरतच्या फ्लॅटचं काय? सुरत-भुसावळ लाइनमुळे आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे आहेत. पोराची नोकरी पक्की असेल, तो आणि सून तिथेच राहणार असतील, तर घ्यावं. पण ठेक्यावरची नोकरी आणि बापाची शेती तारण, ही जोडी धोक्याची. साधा हिशेब करा. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज ९ टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता जवळपास १८,००० रुपये. एकूण फेड ४३ लाखांच्या पुढे. कंपनी बंद पडली किंवा बदलली तर हप्ता थांबत नाही, आणि कापसाला भाव नसेल त्या वर्षी तो हप्ता गावाकडून जातो.

गावठाणातलं घर : कमी लेखलेलं

आमच्या मते या सगळ्यात गावठाणातल्या जागेला सगळ्यात कमी किंमत दिली जाते. कारण, कागद नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, पण हातात काय? ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. (तलाठ्याचा ८-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. बँकेत हे दोन कागद एकमेकांच्या जागी देणारे बरेच असतात.) त्यामुळे गावठाणातल्या घरावर बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, आणि माणूस नाइलाजाने अमळनेरात प्लॉट बघायला लागतो.

हे बदलतंय ते स्वामित्व योजनेमुळे. २४ एप्रिल २०२० ला ती देशभर सुरू झाली, पण ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. ड्रोनने मोजणी होते, नकाशा होतो, चौकशी होते आणि मग सनद व मिळकत पत्रिका मिळते. ही मिळकत पत्रिका म्हणजे घराचा सातबारा समजा. गावात मोजणी झाली असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नाव तपासा. चौकशीच्या वेळी घरात जो हजर होता त्याचंच नाव लागलं आणि सुरतला असलेला भाऊ राहिला, असं होऊ शकतं. बहिणींचं तर विचारूच नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. बहिणीला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र करा. तोंडी "नको" उद्या भाच्यांना लागू होत नाही.

बांधायला परवानगीही गावात सोपी आहे. गावठाणात १,६०० चौरस फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही आणि ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देऊ शकते, असा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. ग्रामपंचायतीला मात्र मालकीचा कागद, नकाशा आणि शुल्क द्यावं लागतंच.

घरकुल मंजूर असेल तर हिशेब आणखी बदलतो. प्रधानमंत्री आवास ग्रामीणचे १ लाख २० हजार, शौचालयाचे १२ हजार, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, आणि २०२५ मध्ये राज्याने जाहीर केलेले वाढीव ५० हजार, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. राज्याच्या वाळू धोरणात लाभार्थ्याला ५ ब्रास वाळू मोफत आहे, निदान कागदावर तरी. ज्यांना जागाच नाही त्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे. एवढ्या पैशांत घर पूर्ण होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण जागा आपली असली की अर्धा डोंगर चढून झालेला असतो.

शहरात राहणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा आहे. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला अडीच लाख. कर्ज काढून घेणाऱ्याला व्याजात सवलत, कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर एकूण १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नसावं ही अट आहे. म्हणजे गावात आधीच वडिलांच्या नावावर नव्हे तर तुमच्याच नावावर स्लॅबचं घर असेल, तर हा दरवाजा बंद. कोणतं घर आधी कोणाच्या नावावर करायचं, हे म्हणून विचार करून ठरवा.

धाब्याचं घर पाडण्याआधी एक शब्द. खानदेशातली जुनी धाबी, दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागाची पाटं आणि वर मातीचा थर, ही ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यासाठीच तयार झालेली. त्यांना त्रास आहे. पावसाळ्यात गळतं, दरवर्षी माती टाकावी लागते, टाकायला माणूस मिळत नाही, उंदीर-घुशी भिंती पोखरतात. पण त्या जागी २७० चौरस फुटांची स्लॅबची खोली उभी केली की म्हातारी माणसं दुपारी निंबाखाली खाट टाकतात. पाडायचंच असेल तर स्लॅबची उंची दहा-साडेदहा फूट ठेवा, वरच्या बाजूला झरोके काढा, गच्चीला दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना द्या, आणि पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी काढू नका. जुनी सागाची पाटं कबाड्याला देण्याआधी सुताराला दाखवा. दारं-चौकटी त्यातूनच निघतात.

भाडं लाजेचं नाही

पोराची दहावी-बारावी अमळनेरात करायची म्हणून जागा घेणारे बरेच आहेत. तीन-चार वर्षांचं काम, आणि त्यासाठी शेत विकायचं? समजा २० लाखांचं घर आहे आणि तेच घर ६,००० रुपये भाड्याने मिळतंय. २० लाख साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला जवळपास १०,८०० रुपये येतात. भाडं देऊन वर पैसे उरतात आणि शेतही राहतं. प्रताप मिलच्या काळात गावोगावचे लोक अमळनेरात आले ते चाळीत, भाड्याने राहिले. जम बसल्यावर घरं झाली. आज आपण उलट करतोय, आधी घर आणि मग जम.

ज्याचं बिऱ्हाड कायमचं शहरात हलणार आहे, ज्याला दुकान टाकायचंय, ज्याच्या दोन-तीन पोरांची पुढची दहा वर्षं इथेच जाणार आहेत, त्याने मात्र भाड्यात वर्षं घालवू नयेत. त्याला रो-हाऊस किंवा अंतिम ले-आउटमधला प्लॉट आणि दोन वर्षांच्या आत बांधकाम, हेच बरं.

जागा बघायला जाल तेव्हा दोनदा जा. एकदा पावसाळ्यात, मोठी सर येऊन गेल्यावर, म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते दिसेल. दुसऱ्यांदा मे महिन्यात दुपारी, आणि तेव्हा विकणाऱ्याशी नाही तर शेजारच्या घरातल्या बाईशी बोला. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, किती वाजता येतं, टँकर मागवावा लागतो का, हे तिच्याइतकं खरं दुसरं कोणी सांगणार नाही.